ताणावर ठेवलेले एकतीस कदंब

माणूस झाडू कसा धरतो यावरून तो किती वेळ झाडणार, हे चंद्रकलाबाईला लांबूनच कळायचं. दोन्ही हातांनी छातीसमोर उभा धरला की समजायचं, फोटोपुरता. एका हातात लोंबता झाडू आणि दुसऱ्या हातात मोबाईल असला की तेवढाही नाही. सौंसरच्या जुन्या कापूस-जिनाच्या पटांगणात दर रविवारी सकाळी आठला जी मंडळी जमायची, ती सगळी या दोन प्रकारांतलीच होती. अंगात हिरवे टी-शर्ट, पाठीवर 'हरित आंगण समिती'. झाडू दर महिन्याला नवे यायचे. जुने झिजायचे म्हणून नव्हे, तर श्रमदान आटोपलं की कुणीतरी ते घरी घेऊन जायचं म्हणून.

पटांगण तिनं सहालाच झाडून ठेवलेलं असायचं. आठला येणाऱ्यांना झाडायला काही उरायचंच नाही. एका रविवारी तर कुलदीप नावाच्या सचिवाची फारच पंचाईत झाली. स्वच्छतेच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असे दोन पाठवायचे होते, आणि आधीचा काढायला कचराच नव्हता. तेव्हा त्यानं चंद्रकलाबाईनं भरून ठेवलेलं पालापाचोळ्याचं पोतं पटांगणाच्या मधोमध ओतलं, फोटो काढला, मग सगळ्यांनी मिळून तोच पाला पुन्हा पोत्यात भरला आणि दुसरा फोटो काढला. त्यानंतर चहा झाला. चहाचे कागदी कप जिथल्या तिथे पडले. ते वेचताना चंद्रकलाबाईनं नाक मुरडलं तेवढंच. अशा माणसांशी बोलून तोंड खराब का करा, हे तिचं ठरलेलं होतं.

आता हे पटांगण तिच्याकडे कुणी दिलं, असं विचाराल तर कुणीच दिलं नव्हतं. ती मूळची तिगावची. सतराव्या वर्षी लग्न होऊन सौंसरला आली. नवरा उत्तम सोमकुवर नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर. तिनं स्वतः बावीस वर्षं मजुरी केली, हिवाळ्यात कापूस वेचला, बाकीच्या दिवसांत संत्र्याची तोडणी केली. मग वीस वर्षं रस्ते झाडले. साठी आली तसं, बाई आता पुरे, असं तिला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःचा झाडू घेऊन जिनाच्या पटांगणात आली. जिन कधीचं बंद पडलेलं. पटांगणात बाभळी, बाटल्या आणि लोकांनी आणून टाकलेलं काय काय. दोन वर्षांत तिनं ते असं केलं की पोरं क्रिकेट खेळू लागली आणि म्हातारी माणसं संध्याकाळी फिरायला येऊ लागली. त्यातल्या कुणीही तिला एका शब्दानं विचारलं नाही. तिनंही ते कुणी विचारावं म्हणून केलं नव्हतं.

तिनं केलं होतं सावलीसाठी. संत्र्याच्या बागांवर जाणाऱ्या बायांच्या पिकअप गाड्या याच पटांगणाच्या पूर्वेच्या कडेला थांबतात. दुपारी दोनला काम सुटलं की गाडी बायांना इथंच आणून सोडते. लोधीखेड्याकडच्या बाया मग पुढच्या गाडीची वाट पाहत बसतात, कधी तासभर, कधी दीड तास. एप्रिल-मे महिन्यात तिथे बसणं म्हणजे काय, ते चंद्रकलाबाईनं बावीस वर्षं भोगलं होतं. तिच्या बरोबरीची वत्सला एकदा तिथेच भोवळ येऊन पडली आणि तिचा समोरचा दात गेला. कडेला निंबाचं एकच झाड. तेही चंद्रकलाबाईनंच लावलेलं, तीन लावली होती त्यातलं बकऱ्यांनी सोडलेलं. त्याच्या सावलीत दहा बाया बसू शकत. गाडीतून उतरायच्या चाळीस.

मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं, तेव्हा गावातल्या बऱ्याच लोकांना एकाएकी गावाची काळजी वाटू लागली. त्यांत गुणवंताभाऊ पुढे होते. गुणवंताभाऊंची संत्र्याची अठराशे झाडं. बोलताना दर तिसऱ्या वाक्याला हा आकडा यायचा, मग विषय नाल्याचा असो की नातवाच्या बारशाचा. त्यांनी समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि पहिल्याच जुलैत पूर्वेच्या कडेला एकतीस झाडं लावायचा कार्यक्रम ठेवला. चंद्रकलाबाईनं सांगितलं होतं, करंज लावा, निंब लावा, मुरमाची जागा आहे. समितीनं कदंब आणले. कृष्णाचं झाड म्हणून आणले असं भाषणात सांगण्यात आलं. खरं म्हणजे रोपवाटिकेत त्या दिवशी तेवढेच शिल्लक होते. प्रत्येक रोपाला लोखंडी जाळी आणि जाळीला दात्याच्या नावाची पाटी. कुणाची वडिलांच्या स्मरणार्थ, कुणाची आजोबांच्या. कुलदीपनं आपल्या आजोबांची पाटी अगदी वाटेवरच्या झाडाला लावून घेतली. पाटी हातभर, रोप वीतभर.

पाणी बाई देईल, असं बैठकीत ठरलं. बाईला बैठकीला बोलावलं नव्हतं.

तिनं दिलं. मुरूम फोडून एकेका झाडाला आळं केलं, शेणखत आणून टाकलं, पटांगणातल्या नळाला पाइप लावून दर तिसऱ्या दिवशी पाणी सोडलं. कदंब पाणीपितं झाड. पाणी मिळालं की माणसाच्या डोळ्यांसमोर वाढतं. दीड वर्षात एकतीसची एकतीस तिच्या डोक्यावर गेली, पंजाएवढी पानं आली. माणसांच्या बाबतीत चंद्रकलाबाईचं मन आटलेलं होतं, पण या झाडांवर तिचा जीव होता. अजून दोन उन्हाळे, ती वत्सलाला म्हणायची, मग निंबाखाली कोणी जाणारच नाही.

मग भोपाळच्या कुठल्याशा संस्थेनं 'हिरवी वस्ती' नावाची स्पर्धा काढली. पाहणीला लोक येणार होते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी गुणवंताभाऊ कदंबांच्या ओळीसमोर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, बागायतदार बागेसमोर उभा राहतो तसे. हिरवं तर सगळेच दाखवतील, ते म्हणाले, आपण फुलं दाखवायची. आणि मग त्यांनी तो निर्णय दिला, जो संत्रा पिकवणाऱ्या गावाशिवाय दुसऱ्या कोणत्या गावात कुणाच्या डोक्यात आला नसता.

संत्र्याच्या बागेत बहार धरायचा असला की झाडाचं पाणी तोडतात. डिसेंबरात पाणी बंद. झाड सुकतं, पानं मलूल होतात, काही गळतात. याला ताण देणं म्हणतात. महिना-दीड महिन्यानं पाणी सोडलं की तहानलेलं झाड भराभरा फुलतं. या भागात हे दहा वर्षांच्या पोराला माहीत असतं. गुणवंताभाऊंनी ठरवलं, कदंबांना ताण द्यायचा. पाणी बंद, एक डिसेंबरपासून. पंधरा जानेवारीला सोडायचं. फेब्रुवारीत भोपाळवाले येतील तेव्हा एकतीस झाडांवर चेंडूंसारखी फुलं. समितीतले सगळेच संत्रावाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं हे आपल्या कसं लक्षात आलं नाही, असं एकजण म्हणाला.

कदंब पावसाळ्यात फुलतो. तेही चार-पाच वर्षांचा झाल्यावर. आणि संत्र्याची बाग काळ्या जमिनीत असते, जिच्या पोटात महिनाभर ओल टिकते. या पटांगणात हातभर खाली निव्वळ मुरूम. हे सगळं चंद्रकलाबाईच्या ओठांवर आलं. ती कप वेचता वेचता थांबली.

"भाऊ, थे संत्रा हाय, हा कदंब हाय," ती म्हणाली. "याले पानी लागते. इतके दिस पानी नाही भेटलं तं मरून जाईन."

गुणवंताभाऊ हसले. वाईट हसले नाहीत. लहान पोर काहीतरी बोललं की हसतात तसे हसले.

"बाई, अठराशे झाडं सांभाळून राहिलो मी," ते म्हणाले. "झाड म्हंजे झाड."

झालं. ती पुन्हा कप वेचू लागली. कुलदीपनं नळावर एक पत्र्याचा डबा बसवून घेतला आणि त्याला कुलूप लावलं, कुणी चुकून पाणी सोडू नये म्हणून. कुणी म्हणजे कोण, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

पहिले पंधरा दिवस झाडं हिरवी राहिली. डिसेंबराच्या शेवटी पानांच्या कडा वळल्या. रविवारी समिती यायची, ओळीत फिरायची, पानं चिमटीत धरून पाहायची आणि खूश व्हायची. जानेवारीत पानं गळायला लागली तेव्हा तर गुणवंताभाऊंना अगदी भरून आलं. पानगळ झाली म्हणजे ताण बरोबर बसला, हा बागेतला नियम. जितकी पानं खाली तितकी फुलं वर. खाली पडलेल्या पानांच्या थरात उभं राहून समितीनं एक गटफोटो काढला. झाडं जीव सोडत होती आणि ही माणसं दात काढून उभी होती. चंद्रकलाबाईनं ते निंबाखालून पाहिलं. तिला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. यांच्याबद्दल तिला फक्त किळस वाटली, गोठ्यातल्या साचलेल्या पाण्याची वाटते तशी.

समिती गेली की ती ओळीत जायची. अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत, तपकिरी दिसलं की गेलं. चौदा जानेवारीला एकतीसही आतून हिरवी होती. उद्या पाणी सुटणार होतं. तिनं हात धुतले आणि घरी जाऊन तिळाचे लाडू केले.

पंधरा तारखेला पाणी सुटलं नाही. भोपाळहून निरोप आला होता की पाहणी पुढे गेली, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात होईल. गुणवंताभाऊंनी बोटांवर हिशेब केला आणि ताण वाढवला. अजून वीस-पंचवीस दिवस. बहार अजून जोरदार येईल, असं सांगितलं. कुलूप तसंच राहिलं.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला तिनं पुन्हा खरवडून पाहिलं. शेंडे गेले होते. कमरेइतक्या उंचीवर साल अजून आतून हिरवी होती, फिकट, पण हिरवी. ते तिनं घरी सांगितलं. उत्तम खाटेवर गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. तीस वर्षं पंप चालवलेला माणूस, त्याला पटांगणाची पाइपलाइन तोंडपाठ होती.

"पाना घरातच हाय, आशिषची माय," खाटेखालचा नळाचा पाना ओढून काढत तो म्हणाला. "कुलूप डब्याले हाय, मेन लायनीले नाही. उद्या सकायीच जाऊन दोन घंटे सोडून देतो. कोनाले मालूम बी होत नाही."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. तिच्या डोळ्यांसमोर भोपाळची माणसं आली, वाळलेल्या काठ्यांसमोर उभी, आणि त्यांच्यासमोर गुणवंताभाऊ, अठराशे झाडांचे मालक, तोंडातून शब्द न फुटणारे. ते चित्र तिला फार गोड वाटलं. आजवर तिला इतकं गोड काही मिळालंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "वाळू द्या. भोपाळवाले येऊ द्या. साऱ्या गावासमोर तोंड काळं होऊ द्या त्याचं."

"तोंड त्याचं," उत्तम म्हणाला. "झाडं कोनाची?"

भाकर फुगली, तिनं ती उतरवली. उत्तमनं पाना पुन्हा खाटेखाली ठेवला. पुढचे वीस दिवस ती रोज सहाला पटांगण झाडायची आणि पूर्वेच्या कडेला जायची, पण सालीला नख लावायची नाही. माहीत असलेली गोष्ट कशाला पाहा, असं स्वतःला सांगायची. घरून दोन घागरी नेऊन ओतल्या असत्या तरी चार झाडं तगली असती. घागरी घरात उपड्या होत्या.

पाहणी चोवीस फेब्रुवारीला झाली. ठरलेले वीस-पंचवीस दिवस उलटून गेले तरी कुलूप निघालं नव्हतं; जितका ताण जास्त तितका बहार जास्त, असं गुणवंताभाऊंचं चाललं होतं. त्याआधी दोन दिवस समितीनं खोडांना चुना आणि मोरचुदाचा निळसर लेप लावून घेतला, संत्र्याच्या झाडांना लावतात तसा, कमरेपर्यंत. एकतीस निळ्या-पांढऱ्या काठ्या, एकालाही पान नाही, आणि प्रत्येकीला हातभर पाटी. भोपाळहून तिघं आले होते, दोन बाया आणि एक बुवा. ते ओळीसमोर थांबले. चंद्रकलाबाई झाडू घेऊन दहा पावलांवर उभी होती. सकाळपासून तिनं घासही खाल्ला नव्हता. आता, असं तिला वाटलं.

झाडं अशी का, असं त्या बुवानं विचारलं. गुणवंताभाऊंच्या कपाळावर एक आठीसुद्धा पडली नाही. झाडं ताणावर आहेत, ते हिंदीत म्हणाले, आमच्या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. तीन महिने पाणी दिलं नाही. आता सोडलं की बहार फुटेल. त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या एका बाईनं वही उघडली आणि विचारलं, म्हणजे तीन महिने पाण्याचा एक थेंबही वापरला नाही? एकही नाही, गुणवंताभाऊ म्हणाले. त्या बाईनं ते लिहून घेतलं. मग तिनं त्याखाली रेघ मारली.

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. हरित आंगण समिती, सौंसर, पाणीबचतीसाठी विशेष गौरव. गुणवंताभाऊंनी ते चौकटीत बसवून घेतलं. सत्कार झाला, शाल झाली, चहा झाला. पटांगणात बासष्ट कप पडले. चंद्रकलाबाईनं एकेक कप मुठीत चिरडून पोत्यात टाकला. एवढी मूर्ख माणसं असू शकतात, हे तिला आयुष्यभर माहीत होतं. पण मूर्खपणाचा सत्कार होतो आणि त्यासाठी आपण एकतीस झाडं दिली, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाणी सोडलं होतं पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी. आळी भरली, मुरूम ओला झाला, त्यात चिमण्या अंघोळी करून गेल्या. मार्च गेला, कोंब आला नाही. एप्रिलात तिनं खोडाला नख लावलं. बुंध्यापर्यंत तपकिरी. एक, दोन, तीन, असं करत ती ओळीच्या टोकाला गेली आणि परत आली नाही. तिथेच मुरमावर बसली.

त्या दुपारी दोनला गाडी आली. चाळीस बाया उतरल्या आणि निंबाकडे धावल्या. दहा बसल्या, बाकीच्या पदर डोक्यावर ओढून उभ्या राहिल्या. वत्सला तिच्याजवळ आली. तिच्या डोक्यावर टॉवेल होता, ओठ सुकलेले.

"मेले का वं सारे?" तिनं विचारलं.

"मेले."

"तुले तं मालूम होतं. मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं होतं एकडाव."

वत्सलानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं.

"एकडाव सांगून कोन आयकते वं?" ती म्हणाली. "आमी तं गाडीवाल्याले रोज सांगतो, जल्दी येत जा मनून. रोज थो आयकत नाही. रोज सांगतो."

ती भांडून बोलली नव्हती. बोलली आणि पुन्हा निंबाकडे गेली, सावलीच्या कडेला एक पाय तरी टेकायला जागा मिळते का ते पाहायला. चंद्रकलाबाईला वाटलं कुणीतरी तोंडात मारली. या पटांगणावर येणाऱ्या प्रत्येकाला तिनं नखाच्या टोकावर धरून पाहिलं होतं. कोण आतून हिरवा, कोण तपकिरी. स्वतःला पाहायचं राहून गेलं होतं. तीन फेब्रुवारीला झाडं जिवंत होती, घरात पाना होता, नवरा जायला तयार होता. गुणवंताला काही माहीत नव्हतं. तिला सगळं माहीत होतं.

इकडे गावात कुजबुज सुरू झाली होती. प्रमाणपत्र ठीक, पण बहार केव्हा, असं लोक गुणवंताभाऊंना पानठेल्यावर विचारायचे. त्याहून वाईट म्हणजे पाट्या. ज्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ झाडं लावली होती त्यांना वाळक्या काठीखाली बापाचं नाव वाचणं सहन होईना. एकानं तर पाटी उपटून नेली. कुलदीपचं घरच्यांशी वाजलं. वॉर्डाच्या पार्षदानंही विचारलं, हे झालं कसं. समितीला आता कुणीतरी हवं होतं, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. आणि असं बोट कुणाकडे वळतं, ते चंद्रकलाबाईला कुणी शिकवायला नको होतं.

मेच्या पहिल्या रविवारी बैठक ठेवली. पहिल्यांदाच बाईला बोलावणं आलं. जिनाच्या पडक्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. तिला खुर्ची दिली नाही, पण पाणी दिलं. कुलदीपच्या मांडीवर समितीची नोंदवही. गुणवंताभाऊ आडून आडून बोलू लागले. ताण बरोबरच होता. पद्धत जुनी आहे, तिला नाव ठेवता येत नाही. पण ताण तोडल्यावर पाणी कसं दिलं गेलं, किती दिलं गेलं, आधी आळी नीट राखली होती की नाही, हे पाहिलं पाहिजे. बोलता बोलता त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली, तिच्यावर आली आणि चटकन खाली गेली. अठराशे झाडांचा मालक एका म्हातारीच्या डोळ्यांत पाहू शकत नव्हता. तिला त्याची कीव येईल असं वाटलं होतं. ती आली नाही. एवढंच दिसलं की हा माणूस भ्यालेला आहे, आणि भ्यालेल्या माणसाकडून काहीही मागून घेता येतं.

तिला सगळं सांगता आलं असतं. नोव्हेंबरातलं तिचं बोलणं ऐकलेले चार जण तिथेच खुर्च्यांवर होते. त्यांनी मान हलवली असती की नसती, ते निराळं. पण ती तासभर भांडली असती, गुणवंताभाऊ तासभर भांडले असते आणि डब्याची किल्ली कुलदीपच्याच खिशात राहिली असती. जुलैत पुन्हा एकतीस झाडं, पुन्हा पाट्या, पुन्हा कुठला तरी शहाणपणा. बाहेर निंबाखाली रविवारच्या तोडणीला जाणाऱ्या बाया गाडीची वाट पाहत होत्या.

"म्या नाही देलं पानी," चंद्रकलाबाई म्हणाली.

कुलदीपनं वहीतून मान वर केली.

"झाडं जित्ती होती तवा मले मालूम होतं. देऊ शकत होती, नाही देलं. लिवा माह्यं नाव. पन डब्याची किल्ली आजपासून माह्याजवळ राहीन. अन् जुलैत झाड कोनतं लावाचं, किती दूर लावाचं, अन् पानी कवा द्याचं, हे मी सांगीन. त्यात कोनी बोलाचं नाही. कबूल असन तं लिवा."

गुणवंताभाऊंचा जीव इतका उघड उघड भांड्यात पडला की शेजारच्या माणसानं मान वळवून घेतली. बाई मोठ्या मनाची आहे, ते म्हणाले, चूक कबूल करायला हिंमत लागते. अटींचं त्यांना काहीच वाटलं नाही. पाणी, खड्डे, शेण, ही कामं तशीही त्यांना नकोच होती. त्यांनी कुलदीपला खूण केली. कुलदीप लिहू लागला, आणि लिहिता लिहिता त्याच्या चेहऱ्यावर घरी सांगायला उत्तर सापडल्याचं समाधान आलं.

सहीला वही पुढे आली. चंद्रकलाबाई चौथी शिकलेली. तिनं चष्मा काढला, लावला, आणि आधीची पानं उलटून पाहिली. प्रत्येक रविवारी इतका कचरा उचलला. इतके स्वयंसेवक. इतका उत्साह. दोन वर्षं भरभरून खोटं लिहिलेलं. मग आजचं पान. 'वेळेवर पाणी न दिल्यामुळे एकतीस झाडे मेली. जबाबदार: चंद्रकला उत्तम सोमकुवर.' तिनं पहिलं वाक्य दोनदा वाचलं. अख्ख्या वहीत खरं असं ते एकच होतं, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. तिनं खाली सही केली, सावकाश, अक्षराला अक्षर जोडून.

किल्ली पदराच्या टोकाला बांधून ती पटांगण ओलांडून निंबाकडे गेली. वत्सलानं सरकून तिच्यापुरती जागा केली. चंद्रकलाबाई बसली नाही, उन्हातच उभी राहिली.

"काय झालं?" वत्सलानं विचारलं. "काऊन बलावलं होतं?"

"माह्यं नाव लावलं," ती म्हणाली.

"झाडाले?"

"हाव. एकतीसच्या एकतीस झाडायले."